पलांडू: निषेध, बाजार आणि प्रथिन

कांदा आणि लसूण या दोन कंदांविषयी भारतीय परंपरेने एकाच वेळी दोन परस्परविरोधी भूमिका घेतल्या आणि त्यांच्यातील ताण पुढे कधीच पूर्णपणे मिटला नाही. धर्मशास्त्राने त्यांना द्विजांच्या ताटातून हद्दपार केले. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात लसूण, गृंजन, पलांडू म्हणजे कांदा आणि अळंबी यांची गणना अभक्ष्यांत केलेली आहे आणि जाणूनबुजून ते खाणाऱ्याला पतित ठरवलेले आहे. हा निषेध केवळ ग्रंथांत राहिला नाही, याची साक्ष परदेशी प्रवाशांनी दिली आहे. पाचव्या शतकाच्या आरंभी आलेल्या फाहियानने मध्यदेशात चांडाळांखेरीज कोणी कांदा-लसूण खात नसल्याचे लिहून ठेवले, आणि सातव्या शतकातील ह्युएन त्संगने ते खाणाऱ्यांना वस्तीबाहेर घालवले जात असल्याचे नमूद केले. वैद्यकाची भूमिका मात्र निराळी होती. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील अन्नपानविषयक अध्यायात पलांडू हा आहारात उपयोगी, बल्य म्हणजे शक्ती देणारा, पचायला जड आणि रुची आणणारा म्हणून वर्णिलेला आहे. वाग्भटाने तर लसणीला रसायनांत, म्हणजे शरीराची झीज भरून काढणाऱ्या द्रव्यांत, स्थान दिले.

ही दोन शास्त्रे एकाच समाजात नांदत असल्यामुळे त्यांच्यात तडजोड घडणे अपरिहार्य होते, आणि तिचे सर्वांत चतुर उदाहरण 1890 मध्ये मध्य आशियातील कुचा येथे हाती लागलेल्या बावर हस्तलिखितात सापडते. रुडॉल्फ होर्न्ले यांनी संपादित केलेल्या या भूर्जपत्रांवरील संग्रहात लसणीवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. अमृत चोरून पिणाऱ्या असुराचे मस्तक विष्णूने उडवले तेव्हा भूमीवर पडलेल्या रक्ताच्या थेंबांतून लसूण उगवली आणि म्हणून ब्राह्मण ती खात नाहीत, अशी कथा तेथे दिलेली आहे. परंतु त्याच ग्रंथकाराने आजारी ब्राह्मणासाठी पळवाटही काढून ठेवलेली आहे. गाईला तीन रात्री जवळजवळ चाऱ्याविना ठेवावे, नंतर दोन भाग गवत आणि एक भाग लसणीची पात असे खाद्य द्यावे, आणि मग तिचे दूध, दही, तूप किंवा ताक रोग्याने घ्यावे, म्हणजे औषधाचा गुणही मिळतो आणि आचारालाही बाध येत नाही. कंदाचा गुण कंदापासून वेगळा करता येतो आणि दुसऱ्या वाहनातून शरीरात पोहोचवता येतो, ही कल्पना या युक्तीच्या मुळाशी आहे. पंधराशे वर्षांनंतर प्रयोगशाळेत कांद्यातील एकच प्रथिन शुद्ध करून घेणाऱ्या जीवरसायनशास्त्रज्ञाचे गृहीतकही त्याहून फार दूरचे नाही, मात्र ते तपासून पाहण्याची साधने त्याच्याजवळ आहेत.

महाराष्ट्रात या निषेधाने कायमच्या त्यागापेक्षा ऋतुबद्ध व्रताचे रूप घेतले. आषाढ शुद्ध एकादशीपासून कार्तिकापर्यंतच्या चातुर्मासात अनेक घरांत कांदा-लसूण आणि वांगे वर्ज्य होत असे, आणि म्हणूनच एकादशीच्या दोन दिवस आधी येणारी शुद्ध नवमी ही कांदेनवमी म्हणून साजरी होऊ लागली. भजी, थालीपीठ, पीठ पेरून केलेली कांद्याची भाजी असा साराच स्वयंपाक त्या दिवशी कांद्याचा असतो. त्याग करण्यापूर्वी मनसोक्त भोग घेण्याची ही प्रथा व्रताइतकीच व्रत पाळणाऱ्यांच्या स्वभावावरही प्रकाश टाकते. व्यावहारिक बाजूने पाहिले तर उन्हाळ्यात साठवलेला कांदा पावसाळी दमट हवेत कोंब धरू लागतो आणि सडतो, त्यामुळे व्रताचा आरंभ साठा संपवण्याच्या दिवसांशी जुळतो. परंतु व्रताचे कारण म्हणून हे मांडणे हा पश्चात्‌बुद्धीचा मोह आहे. सोलापूर जिल्ह्यातील अरणच्या सावता माळ्यांनी तेराव्या शतकात आपल्या मळ्यातील भाजीपाल्यात, कांद्यासकट, विठ्ठल पाहिला होता, आणि त्याच विठ्ठलाच्या एकादशीला कांदा सोडणारी घरेही महाराष्ट्रातलीच होती.

मराठी शेतकऱ्याच्या दृष्टीने या वादाचे महत्त्व एकोणिसाव्या शतकानंतर ओसरत गेले, कारण मुंबईहून कल्याण-नाशिकमार्गे मनमाडकडे जाणाऱ्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने निफाड परिसराला मोठ्या शहराच्या बाजाराशी जोडले आणि कांदा हे रोकड पीक झाले. लासलगावची कृषी उत्पन्न बाजार समिती 1947 मध्ये स्थापन झाली. निफाडच्या संशोधन केंद्रातून खरिपासाठी एन-53 आणि पिंपळगाव बसवंतच्या केंद्रातून रब्बीसाठी एन-2-4-1 हे वाण पुढे आले, आणि त्यांच्यामुळे खरिपाचा लाल कांदा, त्यामागून येणारा रांगडा आणि चाळीत महिनोन्‌महिने टिकणारा उन्हाळ कांदा असे वर्षभर पुरणारे चक्र बसले. चाळ म्हणजे जमिनीपासून उचललेली, फटी ठेवून बांधलेली, खेळत्या हवेची साठवणूक. लिलावात घेतलेला कांदा व्यापाऱ्याच्या खळ्यावर निवडला जातो, गोल्टी म्हणजे बारीक कांदा आणि जोड कांदा बाजूला काढला जातो, आणि मग गोण्या भरल्या जातात. 1958 मध्ये स्थापन झालेल्या नाफेड या सहकारी पणन महासंघाकडे 1974 पासून कांदा निर्यातीचे नियमन सोपवण्यात आले. निर्यात कधी उघडायची आणि कधी बंद करायची याचा निर्णय दिल्लीत होऊ लागल्यामुळे पिकाचा भाव हा राजकीय प्रश्न बनला. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेचे पहिले लढे चाकणच्या कांदा बाजारातून उभे राहिले आणि 1980 च्या नोव्हेंबरात नाशिक जिल्ह्यात रस्ते आणि रेल्वे रोखण्यापर्यंत पोहोचले, हे त्या पार्श्वभूमीवर समजून घ्यावे लागते.

निर्यातीच्या या वाटेचे एक टोक इराणच्या आखातात आहे. आखाताच्या दक्षिण किनाऱ्यावरील छोट्या अमिरातींचा मुंबईशी व्यापार इतका जुना आणि दाट होता की तेथे भारतीय रुपयाच चलनात होता. 1959 मध्ये भारताने त्यासाठी खास आखाती रुपया काढला आणि 1966 च्या अवमूल्यनानंतर तो मागे पडला. गलबतांतून तांदूळ, कापड, मसाले आणि लाकूड तिकडे जाई. दुबईचा जबल अली हा बंदर-प्रकल्प 1979 मध्ये सुरू झाला आणि न्हावा शेवा 1989 मध्ये. कांद्याच्या गोण्या गलबतांतून कंटेनरांत गेल्या त्या या काळात. जबल अलीकडे जाणारा शेख झायेद मार्ग आणि अल खैल मार्ग यांच्या दरम्यान पसरलेला दुबईतील अल क्वोज हा पूर्वीच्या वाळूच्या टेकड्यांचा प्रदेश 1970 नंतरच्या दशकांत गोदामे, कारखाने आणि मजुरांची निवासस्थाने यांनी भरला. भारत, पाकिस्तान, बांगलादेश आणि नेपाळमधून आलेल्या कामगारांचे सामुदायिक स्वयंपाक येथे चालतात, आणि कांदा हा त्या सर्व स्वयंपाकांतील समान पाया आहे.   डिसेंबर 2023 मध्ये भारताने कांद्याची निर्यात बंद केली तेव्हाही संयुक्त अरब अमिरातीसाठी सरकारी मार्गाने 14,400 टनांची स्वतंत्र परवानगी देण्यात आली, यावरून तेथील मागणीला दिले जाणारे वजन कळते. ही बंदी मे 2024 मध्ये किमान निर्यात मूल्य आणि शुल्काच्या अटीवर उठली. अल क्वोजच्या कामगाराच्या ताटात डाळभाताशेजारी येणारी कच्च्या कांद्याची फोड या साऱ्या धोरणांच्या अखेरीस तेथे पोहोचते, आणि तिला कोणी औषध म्हणत नाही.

कांद्याला पुन्हा औषधाच्या प्रांतात आणण्याचे काम एका अगदी वेगळ्या इतिहासाने केले. 2 डिसेंबर 1943 रोजी इटलीतील बारी बंदरावर जर्मन विमानांनी बॉम्बफेक केली तेव्हा एका अमेरिकन जहाजात गुप्तपणे ठेवलेला मस्टर्ड वायूचा साठा फुटला, आणि त्याच्या संपर्कात आलेल्यांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी झपाट्याने घटल्याचे वैद्यकीय तपासणीत आढळले. येल विद्यापीठात आल्फ्रेड गिलमन आणि लुई गुडमन यांनी याच कुळातील नायट्रोजन मस्टर्डचा उपयोग लसिकाग्रंथींच्या कर्करोगावर 1942 पासूनच सुरू केलेला होता. वाढत्या पेशींच्या डीएनएला बाधा आणून त्यांना मारणारी ही द्रव्ये पुढे अधिक सौम्य रूपांत आली, आणि 1958 मध्ये जर्मनीतील आस्टा कंपनीच्या नॉर्बर्ट ब्रॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सायक्लोफॉस्फमाइड पुढे आणले. कर्करोगात पेशी मारण्यासाठी, आणि शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच ऊतींवर उलटते अशा रोगांत ती यंत्रणा दाबून ठेवण्यासाठी, हे औषध दोन्ही कामांना वापरले जाऊ लागले. परंतु पेशी सतत निर्माण करणारी अस्थिमज्जा म्हणजे हाडांतील मऊ गाभा त्याच्या तडाख्यातून सुटत नाही. मात्रा दिल्यावर साधारण एक ते दोन आठवड्यांत रक्तातील पांढऱ्या पेशी तळ गाठतात आणि तिसऱ्या आठवड्याच्या आसपास सावरू लागतात. मधल्या दिवसांत किरकोळ जंतूही जिवावर उठू शकतो.

ही दुहेरी धार लक्षात आल्यावर सायक्लोफॉस्फमाइडने मुद्दाम प्रतिकारशक्ती खालावलेला उंदीर हा प्रयोगशाळेचा एक ठरीव नमुना बनला. ज्या कोणत्या पदार्थात प्रतिकारशक्ती सावरण्याचा गुण असल्याची शंका येई, तो अशा उंदराला देऊन पाहण्याची पद्धत जगभर रूढ झाली, आणि मुंबईत तिचा सर्वांत गंभीर वापर परळच्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयात आणि केईएम रुग्णालयात झाला. फुलझाडांवरील ललित लेखनामुळे मराठी वाचकांना परिचित असलेल्या डॉ. शरदिनी डहाणूकर यांनी उर्मिला थत्ते यांच्यासह 1980 च्या दशकात गुळवेल, अश्वगंधा, शतावरी यांसारख्या वनस्पती घेऊन औषधजन्य पांढऱ्या पेशींच्या घटीवर आणि अस्थिमज्जेच्या दाबावर त्यांचा परिणाम मोजला. या कामाचे मोल त्याच्या शिस्तीत आहे. आयुर्वेदाच्या विधानाला मान न तुकवता आणि त्याची थट्टाही न करता, ते विधान मोजता येईल अशा प्रश्नात रूपांतरित करण्याची रीत त्यांनी घालून दिली. गुळवेलीचा उपयोग पुढे अवरोधी काविळीच्या रुग्णांतही तपासला गेला. आज ‘इम्युनिटी’च्या नावाने बाटल्या विकणाऱ्यांनी या परंपरेचा वारसा सांगावा आणि तिची शिस्त मात्र सोडावी, हे तिचे दुर्दैव म्हणावे लागेल.

वनस्पती-अर्कात गुण दिसला तरी तो कोणत्या रेणूचा, हा प्रश्न उरतोच, आणि त्याचे एक उत्तर लेक्टिन या प्रथिनांच्या वर्गाकडे बोट दाखवते. लेक्टिन म्हणजे विशिष्ट शर्करेला ओळखून तिला घट्ट धरणारे प्रथिन. पेशींच्या पृष्ठभागावर शर्करेच्या साखळ्या असल्यामुळे ते पेशींना चिकटते, त्यांची गुठळी करते आणि कधी कधी त्यांना आतून कामाला लावते. 1888 मध्ये डोर्पाट येथे हर्मन स्टिलमार्क यांनी एरंडाच्या बीतील असे द्रव्य रक्तपेशींच्या गुठळ्या करते हे दाखवले, आणि 1954 मध्ये विल्यम बॉइड यांनी या वर्गाला लेक्टिन हे नाव दिले. खरी कलाटणी 1960 ची आहे. राजम्यासारख्या घेवड्यातील लेक्टिन प्रयोगशाळेतील पेशीसंवर्धनात घातल्यावर मानवी लसिकापेशी, ज्या तोवर विभाजनक्षमता गमावलेल्या मानल्या जात, पुन्हा विभागू लागतात, असे फिलाडेल्फियात पीटर नोवेल यांना आढळले, आणि खाद्य बीजातले एक प्रथिन प्रतिकारयंत्रणेला थेट चालना देऊ शकते ही गोष्ट प्रयोगात दिसली. अर्थात त्याच राजम्याचे लेक्टिन नीट न शिजवल्यास उलटी-जुलाब घडवते, म्हणून अन्नातून आलेले ते निरुपद्रवी असा निष्कर्ष काढता येत नाही.

लसूण आणि कांदा यांच्यात मॅनोज नावाच्या शर्करेला धरणारी लेक्टिने असतात. वनस्पतीच्या दृष्टीने ती संरक्षणाची साधने आहेत. लसणीच्या पातीतील अशाच एका लेक्टिनचे जनुक पिकांत घालून रस शोषणाऱ्या किडींना आवर घालण्याचे प्रयोग कोलकात्याच्या बोस इन्स्टिट्यूटमध्ये झालेले आहेत. प्रतिकारशक्तीच्या अंगाने त्यांचा पाठपुरावा मुख्यतः म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत झाला. ऑक्टोबर 1950 मध्ये चेलुवांबा महालात सुरू झालेल्या या संस्थेचे मूळ प्रयोजन अन्न टिकवणे आणि प्रक्रिया करणे हे होते, त्यामुळे स्वयंपाकघरातील पदार्थांत औषधी रेणू शोधण्याकडे तिने वळणे स्वाभाविक होते. जपानमध्ये 1987 साली मुरवलेल्या लसणीच्या अर्कातील प्रथिनांचा अंश प्रतिकारपेशींना चालना देतो असे प्रसिद्ध झालेले होते; म्हैसूरच्या वाय. पी. वेंकटेश यांच्या गटाने 2010 मध्ये लसणीतील ही कार्यक्षम प्रथिने म्हणजे तिची प्रमुख लेक्टिनेच असल्याचे दाखवले. त्यानंतर कांद्याची पाळी आली. कांद्याचे लेक्टिन शुद्ध करून त्याचा परिणाम आधी पेशींवर पाहिला गेला, आणि 2016 मध्ये सायक्लोफॉस्फमाइड दिलेल्या विस्टार वाणाच्या उंदरांत ते दिल्यास प्रतिकारशक्तीची घट कमी होते, असा शोधनिबंध या गटाने प्रसिद्ध केला. याच सुमारास आणि त्याआधी अन्यत्र गाईच्या दुधातील लॅक्टोफेरिन या लोहधारक प्रथिनावर पोलंडमध्ये अशाच उंदरांत काम झालेले होते, आणि अळंबीतील प्रथिनांवरही जपानमध्ये संशोधन चालले होते. मनूने अभक्ष्य ठरवलेल्या यादीतील दोन-तीन पदार्थ प्रतिकारशक्तीच्याच अंगाने तपासले जावेत, हा योगायोग नोंदवण्याजोगा आहे.

या निष्कर्षांचे वजन किती, हे ठरवताना मात्र काही गोष्टी डोळ्यांआड करता येत नाहीत. शंभर ग्रॅम कांद्यात सुमारे 89 ग्रॅम पाणी आणि जेमतेम एक ग्रॅमभर प्रथिन असते, आणि त्या एका ग्रॅमात लेक्टिनचा वाटा आणखी लहान; उंदराला शुद्ध स्वरूपात मिळणारी मात्रा ताटातल्या कांद्याने गाठता येईल असे मानायला आधार नाही. बहुतेक प्रथिने पोटातील आम्ल आणि पाचकरसांत तुटतात. काही लेक्टिने त्याला दाद देत नाहीत, परंतु आतड्यात टिकणे आणि रक्तात पोहोचून अस्थिमज्जेवर काम करणे यांत मोठे अंतर आहे. उंदरांत पांढऱ्या पेशी सावरल्या म्हणजे रुग्णात जंतुसंसर्ग टळला असेही होत नाही. अस्थिमज्जेला पांढऱ्या पेशी करायला लावणारे फिल्ग्रास्टिम हे इंजेक्शन 1991 मध्ये अमेरिकेत मान्य झाले, आणि आज केमोथेरपीच्या रुग्णांत हेच काम तेच करते. तेही प्रथिनच आहे, परंतु जीवाणूंकरवी तयार केलेले, मोजून दिलेले आणि रुग्णांवरच्या चाचण्यांतून गेलेले.

रुग्णांच्या व्यवहारात तर कांद्याचा प्रवास उलट दिशेचा झाला. 28 फेब्रुवारी 1941 रोजी परळमध्ये टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले तेव्हापासून महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून येणारे रुग्ण शहरात उतरण्याची सोय शोधू लागले, आणि दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी राहून केमोथेरपी घेणाऱ्यांची आजही रीघ असते. अशा रुग्णाला पेशी घटलेल्या दिवसांत कोशिंबीर, कच्चा कांदा, न शिजवलेली कोथिंबीर आणि बाहेरची चटणी टाळावी, असे सांगण्याची पद्धत जगभर पडली, कारण कच्च्या भाजीवरील जंतू दुबळ्या शरीरात शिरण्याची भीती असते. म्हणजे ज्या अवस्थेत कांद्यातील प्रथिन उंदराच्या उपयोगी पडल्याचे प्रयोगशाळा सांगते, त्याच अवस्थेत माणसाला कच्चा कांदा वर्ज्य होतो, आणि हा निषेध मनूच्या निषेधासारखा ऐकीव नसून जंतुशास्त्राच्या तर्कावर उभा असतो. तोही अटळ मात्र नाही. अशा कडक आहारामुळे संसर्ग खरोखर कमी होतो का, याची रुग्णांच्या तुलनात्मक चाचण्यांतून तपासणी झाली तेव्हा स्पष्ट लाभ दिसला नाही, आणि त्यामुळे अनेक ठिकाणी आता पूर्ण बंदीऐवजी भाजी वाहत्या पाण्यात नीट धुणे, ताजी चिरणे, उरलेली न खाणे आणि शक्यतो शिजवून घेणे यांवर भर दिला जातो. शिजवलेला कांदा रुग्णाच्या पिठल्यात आणि आमटीत पूर्वीप्रमाणेच राहिला. त्याच्याकडून अपेक्षा चवीची असते, आणि औषधाने तोंड बेचव झालेल्या माणसाला चार घास अधिक जाणे हेही आहारतज्ज्ञ प्रथिनांच्या हिशेबातच धरतात.